तारागोना : दगडांची नोंद आहे, हवेची कुठे आहे?

तारागोनात एका मॉलच्या पार्किंगमध्ये पाचव्या शतकातली बॅसिलिका, म्हणजे जुन्या धाटणीचं चर्च, आहे. नव्वदच्या दशकात बांधकामासाठी जमीन खणली तेव्हा भिंतींचे पाये निघाले, थडगी निघाली. मॉल झालाच, पण बॅसिलिकाही जागेवर राहिली. लोक गाडी लावतात, सामानाची ढकलगाडी घेऊन तिच्या शेजारून लिफ्टकडे जातात. जवळच, तंबाखूच्या कारखान्याचा पाया खणताना १९२३ मध्ये अखेरच्या रोमन काळातली भलीमोठी दफनभूमी सापडली होती. तीही वाचली आणि कारखानाही उभा राहिला.

बार्सिलोनाच्या दक्षिणेला, भूमध्य समुद्राच्या काठावर, दीड लाखाच्या आतबाहेर वस्तीचं हे स्पेनमधलं कॅटलान, म्हणजे कॅटलोनिया प्रांतातलं, शहर. एका बाजूला युनेस्कोने २००० साली जागतिक वारसा यादीत घेतलेले रोमन अवशेष, दुसऱ्या बाजूला दक्षिण युरोपातल्या सर्वांत मोठ्यांपैकी एक पेट्रोकेमिकल संकुल. तारागोनाविषयी लिहिणारे बहुतेक जण यातलं एक काहीतरी निवडतात. प्रवासवर्णनवाले चिमण्या फोटोतून कापून टाकतात, पर्यावरणवाले रोमन कमान फक्त पार्श्वभूमीला ठेवतात. आणि दर थोड्या वर्षांनी तोच सल्ला नव्याने दिला जातो : एवढा वारसा आहे तर या शहराला धूर हवाय कशाला, पर्यटनावर जगावं की.

मला हा सल्ला पटत नाही. कारखाने निर्धोक आहेत म्हणून नव्हे, ते निर्धोक नाहीतच. पण ‘वारसा की उद्योग’ असा वाद घातला की त्याहून अडचणीचा प्रश्न आपसूक मागे पडतो. या शहराने आपल्या दगडांचा हिशेब जितक्या निगुतीने ठेवलाय, तितका आपल्या हवेचा आणि जोखमीचा का ठेवलेला नाही?

आधी दगडांबद्दल. इ. स. पू. २१८ मध्ये रोमचा शत्रू, कार्थेजचा सेनापती हॅनिबल आल्प्स ओलांडून इटलीत उतरत होता, तेव्हा त्याची मागची रसद तोडायला रोमने आपला सेनापती ग्नेयस स्किपिओ याला इबेरियात, म्हणजे आजच्या स्पेन-पोर्तुगालच्या भूमीवर, धाडलं. त्याने इथल्या टेकडीवर तळ टाकला, आणि त्या तळाचं तार्राको झालं. तटबंदीच्या तळाशी भल्यामोठ्या ओबडधोबड शिळा आजही आहेत. इटलीबाहेर शिल्लक असलेली रोमनांची ही सर्वांत जुनी तटबंदी मानतात. पुढे इबेरियाच्या मोठ्या भागावर पसरलेल्या प्रांताची ही राजधानी झाली. उत्तरेतल्या कांताब्रियन मोहिमेच्या काळात, इ. स. पू. २६-२५ मध्ये, खुद्द रोमचा सम्राट ऑगस्टस इथे मुक्काम ठोकून होता, म्हणजे काही काळ साम्राज्याचा कारभार या टेकडीवरून चालला.

टेकडी तीन टप्प्यांत कापलेली होती. वर देवळाचा चौक, मधे प्रांताच्या कारभाराचा चौक, खाली रथांच्या शर्यतींची सर्कस. देवळाच्या जागी बाराव्या शतकात कॅथेड्रलचं काम सुरू झालं. सर्कसची गंमत वेगळी आहे. शहराचा आजचा मुख्य चौक, प्लासा दे ला फोंत, हा तिच्या धावपट्टीवर बसलाय. महापालिकेची इमारत त्याच चौकात. भोवतालच्या घरांच्या, दुकानांच्या, खाणावळींच्या आत शिरलात तर मागची भिंत म्हणून दिसते ती प्रेक्षकांच्या पायऱ्या पेलणारी पहिल्या शतकातली कमान. तिच्याखाली कुणी दारूचं कोठार केलं, कुणी गोठा, आता कुणी जेवणाची टेबलं मांडलीत. कुणी जपली म्हणून ही सर्कस टिकली असं म्हणता येत नाही. लोकांनी ती वापरली, आणि वापरातली वस्तू सहसा कुणी पाडत नाही.

समुद्राकाठच्या अँफिथिएटरचंही तसंच. २५९ साली बिशप फ्रुक्तुओसुस आणि त्याच्या दोन डीकनना, म्हणजे सहायक धर्मगुरूंना, तिथे जिवंत जाळलं. पुढे त्याच जागी त्यांच्या स्मरणार्थ बॅसिलिका झाली, तिच्यावर बाराव्या शतकात चर्च, मग मठ, मग तुरुंग. आज वरून बघितलं की रिंगणात चर्चच्या भिंतींचा आराखडा उमटलेला दिसतो. पर्यटक तो रम्य म्हणून बघतात. माणसं जाळण्याचा सरकारी कार्यक्रम जिथे तिकिटाच्या खेळासारखा पार पडायचा, त्या जागेला रम्य म्हणायला मला जरा जड जातं, पण ते असो.

सगळं काही गोडीगुलाबीने वाचलं असंही नाही. हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीतल्या बांधकामाच्या लाटेत इथल्या जुन्या जमिनीवर बुलडोझर फिरले. बंदराजवळच्या रोमन नाट्यगृहाचा काही भाग सत्तरच्या दशकात इमारतीसाठी उखडला गेला. शहरात ओरड झाली, तेव्हा कुठे उरलेलं थांबलं. त्या ओरडीनंतर कायदे आले आणि सवय बदलली. आज जुन्या भागात तळघर काढायचं झालं तरी आधी पुरातत्त्वज्ञ येतो. कुठल्या गल्लीत, किती खोलीवर, कोणत्या साली काय सापडलं याचा सविस्तर नकाशा अभ्यासकांनी तयार करून प्रसिद्ध केलाय. शास्त्रीय पुरातत्त्वाची कॅटलान संस्थाही याच शहरात आहे. दोन हजार वर्षांपूर्वीचं गटार कुठून जात होतं हे इथला कोणीही नागरिक पाहू शकतो. असा नकाशा असणं ही साधी गोष्ट नाही.

आता फ्रांकोली नदी ओलांडून पश्चिमेला जाऊ.

तोरेफोर्ता, बोनाविस्ता, काम्पक्लार. या वस्त्या पन्नासच्या दशकापासून पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत उभ्या राहिल्या. स्पेनच्या दक्षिणेकडच्या अंदालुसियातून, एक्स्त्रेमादुरातून पोटासाठी आलेल्या लोकांनी त्या भरल्या. बोनाविस्तात रविवारचा मोठा बाजार भरतो, तिथे कॅटलानपेक्षा स्पॅनिश जास्त कानावर पडते. या माणसांना बोलावलं उद्योगानेच. खोल पाण्याचं बंदर होतं, जमीन स्वस्त होती, माद्रिदच्या सरकारला विकास केंद्रं हवी होती. साठच्या दशकात रासायनिक कंपन्या आल्या, सत्तरच्या दशकाच्या मध्यात रिफायनरी सुरू झाली. स्पेनच्या रसायन उत्पादनातला जवळपास चौथा हिस्सा आज या पट्ट्यातून येतो. तुमच्या-आमच्या घरातलं प्लास्टिक, रंग, साबण यांचा कच्चा माल अशाच ठिकाणी तयार होतो, हे विसरून धुराबद्दल नाक मुरडण्यात अर्थ नाही. आणि ज्या कुटुंबाकडे गावी जमिनीचा तुकडाही नव्हता, त्याच्या मुलाला या संकुलात कायमची नोकरी लागली म्हणजे काय झालं, हे पर्यटनाचा सल्ला देणाऱ्याने तोरेफोर्तात जाऊन विचारावं.

१४ जानेवारी २०२०. संध्याकाळची वेळ. दक्षिणेकडच्या औद्योगिक वसाहतीत इथिलीन ऑक्साइड बनवणाऱ्या कारखान्यातल्या रिअॅक्टरचा स्फोट झाला. तीन माणसं गेली. त्यातली दोन कारखान्यातली. तिसरा माणूस तोरेफोर्तात स्वतःच्या घरात होता. साधारण टनभर वजनाचं लोखंडी झाकण जवळजवळ तीन किलोमीटर उडत आलं, इमारतीवर आदळलं आणि त्याच्या डोक्यावर मजला कोसळला. रासायनिक अपघाताचे इशारे द्यायला या परिसरात भोंगे बसवलेले आहेत, वेळोवेळी त्यांची चाचणीही होते. त्या संध्याकाळी ते वाजले नाहीत. विषारी वायूचा धोका नव्हता म्हणून वाजवले नाहीत, असा खुलासा प्रशासनाने केला. तांत्रिकदृष्ट्या तो बरोबरही असेल. पण आकाश नारिंगी झालंय, काचा हादरल्यात आणि खिडकी लावून आत थांबावं की बाहेर पळावं हे फोनवर मित्रांना विचारावं लागतंय, अशा माणसाला तो खुलासा ऐकवून बघा.

या अपघातातली एक बाब बातम्यांत फारशी आली नाही, मला मात्र तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. स्फोट झालेला कारखाना तारागोना महापालिकेच्या हद्दीत नाही. तो ला कानोंजाच्या हद्दीत आहे. ला कानोंजा हे जुनं स्वतंत्र गाव. १९६४ मध्ये, उद्योगांचे आराखडे आकाराला येत असताना, ते तारागोनात विलीन करून टाकलं गेलं. गावकऱ्यांनी हा हिशेब कधी मान्य केला नाही, आणि २०१० मध्ये ला कानोंजा पुन्हा वेगळी नगरपालिका झाली. गावाला स्वतःचा कारभार परत मिळाला, यात मला आनंदच आहे. पण हद्द बदलली की कारखान्यांच्या मालमत्ता कराची वाट बदलते, झाकण पडायची जागा बदलत नाही. उत्तरेकडच्या औद्योगिक पट्ट्यात ला पोब्ला दे माफुमेतसारखी काही हजार वस्तीची गावं रिफायनरीच्या करामुळे चांगलीच सधन झालीत. त्यांचा त्यात दोष नाही, कारण धूरही त्यांच्याच डोक्यावर आहे. तोरेफोर्ता मात्र कराच्या बाबतीत एका हद्दीत आणि धोक्याच्या बाबतीत दुसऱ्या हद्दीत सापडलंय.

हवेचं काय? मोजमाप होतच नाही असं नाही. कॅटलान सरकारची केंद्रं आहेत. कंपन्यांची संघटनाही स्वतः मोजमाप करवून अहवाल काढते. ज्याचं धुराडं त्याचंच मोजमाप, एवढा आक्षेप सोडला तरी दुसरी अडचण आहे. कायदा जे मोजायला सांगतो तेच मोजलं जातं. बेन्झीनला युरोपीय कायद्यात वार्षिक सरासरीची मर्यादा घातलेली आहे. रबर आणि प्लास्टिकच्या उद्योगात वापरला जाणारा १,३-ब्युटाडाइन हा वायू कर्करोगकारक म्हणून मान्य झालेला आहे, पण त्याला तशी युरोपीय मर्यादा नाही. एल मोरेल या रिफायनरीलगतच्या गावातल्या लोकांनी ‘सेल नेत’ नावाने मंच उभारला, वास येतो तो कसला हे विचारायला सुरुवात केली, आणि आसपासच्या पालिकांनी बार्सिलोनाच्या तंत्रविद्यापीठाकडून अभ्यास करून घेतले. म्हणजे आपल्या नाकात काय जातंय हे समजून घ्यायला नागरिकांना आधी चळवळ करावी लागली. नाट्यगृह वाचवायला ओरड करावी लागली होती खरी, पण रोमन गटाराच्या नकाशासाठी असं कुणाला करावं लागलं नव्हतं.

ला पिनेदाच्या किनाऱ्यावर, बंदराच्या पलीकडच्या अंगाला, वादळानंतर वाळूत साबुदाण्याएवढे प्लास्टिकचे पांढरे दाणे सापडतात. खाली वाकून मूठभर वाळू घेतली तरी त्यात चार-दोन हाती लागावेत इतके. प्लास्टिकच्या वस्तू बनवायला लागणारा हा कच्चा माल कारखान्यातून, ट्रकमधून, गटारातून सांडत सांडत समुद्रात येतो. स्वयंसेवक ते गोळा करतात, वजन करतात, प्रसिद्ध करतात. इथेही मोजणारे पुन्हा नागरिकच.

मग पर्यटन बरं नाही का? तारागोनाच्या दक्षिणेला सालोउ आणि विला-सेका आहेत. १९९५ पासून तिथे पोर्तआव्हेंतुरा हे मनोरंजन उद्यान चालतं. उन्हाळ्यात हॉटेलं भरतात, नोव्हेंबरात निम्म्या खाटा झाकून ठेवतात, आणि काम करणाऱ्यांचा पगारही त्याच हंगामाने चालतो. त्या उद्यानाशेजारी मोठा कॅसिनो आणि हॉटेलांचं संकुल उभारायची योजना २०१२ पासून नावं बदलत रेंगाळत राहिली. २०२४ च्या मार्चमध्ये याच योजनेवरून कॅटलान सरकारचा अर्थसंकल्प फेटाळला गेला आणि मुदतीआधी निवडणुका लागल्या. जुगाराच्या टेबलांवरून सरकार पडतं, तेव्हा त्या पैशाला किती हात चिकटलेत याची कल्पना येते. हा उद्योग पेट्रोकेमिकलपेक्षा ‘स्वच्छ’ आहे असं ज्यांना म्हणायचंय त्यांनी म्हणावं.

आणि हे दोन उद्योग एकमेकांपासून लांबही नाहीत. ११ जुलै १९७८ ला तारागोनाच्या रिफायनरीत प्रोपिलीन भरलेला टँकर टोलचा महामार्ग सोडून किनाऱ्याच्या जुन्या रस्त्याने दक्षिणेला निघाला. त्यात मर्यादेपेक्षा जास्त माल भरलेला होता. एब्रो नदीच्या मुखाजवळ लोस अल्फाकेस नावाच्या कॅम्पिंगच्या बाजूला तो फुटला. ऐन सुट्टीचे दिवस, दुपारची वेळ, तंबूंत आणि कॅराव्हॅनमध्ये कुटुंबं. दोनशेहून अधिक माणसं गेली, बहुतेक परदेशी पर्यटक. असे टँकर गावावरून नेण्यावरचे निर्बंध त्यानंतर आले. म्हणून ‘इकडे कारखाने ठेवू, तिकडे पर्यटन वाढवू’ अशी नकाशावर रेघ मारणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. रस्ता दोघांचा एकच आहे.

पाणीही एकच. रोमनांनी फ्रांकोलीचं पाणी वळवून शहरात आणलं. त्या कालव्याचा दुमजली कमानींचा पूल शहराबाहेर पाइनच्या रानात सत्तावीस मीटर उंच उभा आहे. लोक त्याला सैतानाचा पूल म्हणतात. विसाव्या शतकात कारखाने आणि हॉटेलं दोघांनी मिळून विहिरी इतक्या उपसल्या की जमिनीखाली समुद्र आत शिरला आणि नळाला खारट पाणी येऊ लागलं. १९८१ मध्ये कायदा झाला, एब्रो नदीच्या कालव्यांतून जास्तीत जास्त सेकंदाला चार घनमीटर पाणी तारागोनाकडे वळवायला परवानगी मिळाली, आणि १९८९ मध्ये ते पाणी पोचलं. २००८ च्या दुष्काळात तर तारागोना बंदरातून जहाजात भरून बार्सिलोनाला पिण्याचं पाणी गेलं. हे सगळं एब्रोच्या त्रिभुज प्रदेशातल्या भातशेतकऱ्यांच्या डोळ्यांदेखत. त्यांची जमीन गाळ कमी पडल्याने आधीच खचतेय, समुद्र आत येतोय. पाण्याचा हा करार मला तरीही उजवा वाटतो, कारण तो उघड आहे. किती पाणी, कुठून, कुणाला आणि काय दराने, हे कायद्यात लिहिलंय आणि त्यावर जाहीर भांडता येतं. हवेच्या बाबतीत इतकं झालं तरी पुष्कळ.

तारागोनाचं सांस्कृतिक आकर्षण म्हणून पर्यटकांना ज्याच्या जाहिराती दाखवतात ते मानवी मनोरे, कास्तेल्स, मराठी वाचकाला लगेच कळतील. सप्टेंबरात सांता तेक्लाच्या उत्सवात त्याच सर्कसवरच्या चौकात हे मनोरे लागतात, आणि दर दोन वर्षांनी ऑक्टोबरात बैलझुंजीच्या जुन्या, आता छप्पर घातलेल्या रिंगणात मोठी स्पर्धा होते. शहरात चार पथकं आहेत. एक सेराल्योच्या कोळीवाड्याचं, एक सांत पेरे इ सांत पाव या साठ-सत्तरच्या दशकांतल्या नव्या वस्तीचं. बाहेरून आलेल्या कामगारांची नातवंडं तिथे थरावर चढतात. आपल्याकडे हंडी फुटली की थर कोसळला तरी चालतो. त्यांच्याकडे मनोरा लावला पण नीट उतरवता आला नाही, तर त्याला कमी गुण. २००६ मध्ये कॅटलोनियात मनोऱ्यावरून पडून एका लहान मुलीचा जीव गेला. त्यानंतर वरच्या थरातल्या मुलांच्या डोक्यावर शिरस्त्राण आलं. परंपरा बिघडते असं म्हणणारे तेव्हाही होते. २०१० मध्ये युनेस्कोने या मनोऱ्यांना अमूर्त वारसा म्हणून मान्यता दिली, ती शिरस्त्राणासकट.

हे वाचताना कोकणातल्या वाचकाच्या मनात बारसू आलं नसेल तर नवल. तिथेही सड्यावर रिफायनरीचा प्रस्ताव, आणि त्याच सड्यावर २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत असलेली कातळशिल्पं. एप्रिल २०२३ मध्ये माती परीक्षणाच्या वेळी काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. तारागोनाचं उदाहरण या वादात दोन्ही बाजूंना वापरता येईल, आणि दोन्ही बाजू ते अर्धंच वापरतील अशी मला धास्ती आहे. समर्थक म्हणतील, बघा, युरोपात रिफायनरी आणि जागतिक वारसा शेजारी नांदतात. विरोधक उडालेलं झाकण दाखवतील. दोघंही खरंच बोलत असतील. पण तारागोनात उद्योग आला तो हुकूमशाहीच्या काळात. तेव्हा कोणाला विचारायचा प्रश्नच नव्हता, आणि ला कानोंजाला विचारलं गेलं नाही ते नेमकं तेव्हाच. आपल्यापुढे ती सबब नाही. शिल्पांभोवती कुंपण घालून ‘वारसा वाचवला’ म्हणणं सोपं आहे. वाऱ्याच्या दिशेला कोणती वाडी येते, मासळीवर काय परिणाम होईल, अपघात झाला तर भोंगा कोण वाजवणार आणि तो आधी कुणाला ऐकू येणार, हे करारावर सही व्हायच्या आधी जाहीर करणं अवघड आहे. मुंबईतल्या माहुलमध्ये रिफायनऱ्यांच्या कुशीत प्रकल्पग्रस्तांना नेऊन बसवल्यावर हे प्रश्न विचारले गेले, तेही उच्च न्यायालयात.

तारागोनापुरतं बोलायचं तर मागणी फार मोठी नाही. संकुलाच्या हवेचं मोजमाप कंपन्यांच्या आणि सरकारच्याही हाताबाहेरच्या संस्थेकडे द्यावं. कायद्यात मर्यादा नसलेले वायूही त्यात धरावेत, आणि आकडे रोजच्या रोज लोकांना दिसावेत. धोक्याचा घेर तीन किलोमीटरचा असेल तर कराचा घेरही तेवढाच धरावा, मग मधे कुठल्याही पालिकेची हद्द येवो. स्फोट झाला की विषारी असो वा नसो, भोंगा वाजलाच पाहिजे, आणि काय करायचं हे पाठोपाठ फोनवर यायला हवं. तशी यंत्रणा स्पेनमध्ये २०२२ पासून आहे. यातल्या एकाही गोष्टीसाठी रिफायनरी बंद करायची गरज नाही, पर्यटकही कमी व्हायचे नाहीत. खर्च येईल, तो कंपन्यांनी उचलावा. तळघर खणणाऱ्या साध्या घरमालकाला पुरातत्त्वज्ञासाठी काम थांबवायला लावणाऱ्या शहराला एवढं सांगायला लाज वाटायचं कारण नाही.